सेकंड इयर इलेक्ट्रिकलच्या आधी: पुस्तकं, गणित आणि एक सिरीज लॅम्प

इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं सेकंड इयर सुरू व्हायच्या आधी करायच्या कामांच्या यादीतलं पहिलं काम म्हणजे काहीही विकत न घेणं. फर्स्ट इयरचा निकाल लागला की सीनियरकडून व्हॉट्सअ‍ॅपवर पुस्तकांची यादी येते, आणि त्या उत्साहात अप्पा बळवंत चौकातून पाच-सहा जाडजूड पुस्तकं घरी येऊन पडतात. दिवाळीपर्यंत त्यातली चार नुसती टेबलाची शोभा वाढवतात. त्याऐवजी विद्यापीठाच्या साइटवरून अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवा, आपल्या सत्राची तेवढी पानं प्रिंट करा आणि मागे गेल्या तीन वर्षांचे पेपर जोडा. प्रत्येक विषयाखाली टेक्स्ट बुक्स आणि रेफरन्स बुक्स मिळून आठ-दहा नावं असतात. ती सगळी वाचायची नसतात. शिकवणाऱ्यांनीही ती सगळी वाचलेली नसतात, हे आपापसात सांगायला हरकत नाही.

मग गणित तपासा. घरच्या घरी करायची चाचणी अशी: एका कॉइलचा रेझिस्टन्स ३० ओहम, रिअ‍ॅक्टन्स ४० ओहम, सप्लाय २३० व्होल्ट ५० हर्ट्‌झ. करंट किती, पॉवर फॅक्टर किती, पॉवर किती? इम्पीडन्स ५० ओहम, करंट ४.६ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.६ लॅगिंग आणि पॉवर साधारण ६३५ वॉट, हे पुस्तक न उघडता दहा मिनिटांत यायला हवं. पॉवर दोन्ही वाटांनी काढून बघा, एकदा करंटच्या वर्गाला रेझिस्टन्सने गुणून आणि एकदा व्होल्टेज, करंट, पॉवर फॅक्टर यांच्या गुणाकारातून. उत्तर जुळलं नाही तर तुमचा प्रश्न पुस्तकाचा नाही, कॉम्प्लेक्स नंबर्सचा आहे. दुसरी चाचणी: १० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरडचं आरसी सर्किट डिफरन्शियल इक्वेशन मांडून सोडवा. एका सेकंदात कपॅसिटर ६३ टक्के भरतो, तो का, हे तुमच्याच कागदावर दिसलं पाहिजे. कॅल्क्युलेटरच्या कॉम्प्लेक्स मोडवर फार विसंबू नका. पुढे गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा, द्यायचा विचार असेल तर तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, स्क्रीनवरचाच वापरावा लागतो.

डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्यांनी पहिले सहा आठवडे गणितालाच द्यावेत. मोटर उघडणं, कनेक्शन करणं यात ते बारावीवाल्यांच्या कितीतरी पुढे असतात. अडतात ते लाप्लास ट्रान्सफॉर्मपाशी, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशनचं साधं बीजगणित करून देणाऱ्या गणितापाशी. बारावीवाल्यांचं बरोबर उलटं. एका बेंचवर एक डिप्लोमावाला आणि एक बारावीवाला बसवावा, दोघांचंही भलं होतं.

आता पुस्तक कसं पारखायचं ते. लायब्ररीत बसून एकच मुद्दा तीन पुस्तकांत वाचा. मी नेहमी ट्रान्सफॉर्मरच्या ईएमएफचं सूत्र घेतो: ४.४४ गुणिले फ्रिक्वेन्सी, गुणिले जास्तीत जास्त फ्लक्स, गुणिले टर्न्स. हे ४.४४ आलं कुठून? एक पुस्तक सरासरी ईएमएफ काढतं, त्यात ४ येतात, आणि त्याला साइन वेव्हच्या फॉर्म फॅक्टरने, म्हणजे १.११ ने गुणून मोकळं होतं. दुसरं फ्लक्सचं डेरिव्हेटिव्ह घेतं, २π मिळवतं, आरएमएससाठी २ च्या वर्गमूळाने भागतं आणि तिथेच पोचतं. दोन्ही बरोबर. तिसरं नुसतं सूत्र चौकटीत छापतं. चौकटवालं लगेच खाली ठेवा. उरलेल्या दोघांत, फ्लक्स साइन वेव्हचा नसेल तर हा आकडा बदलतो हे जे सांगतं, ते तुमचं.

अशीच पारख प्रत्येक विषयाला लावली की नावं आपोआप गळतात. सर्किटसाठी हेट-केमर्ली बहुतेकांना पुरतं. मशीन्समध्ये नागरथ-कोठारी की बिंभ्रा यावरून होस्टेलवर रात्री जागतात. मला विचाराल तर जे लायब्ररीत मिळेल ते घ्या आणि शेवटपर्यंत न्या. थेराजाच्या पुस्तकाला नाकं मुरडणारे पुष्कळ, पण दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल असताना आदल्या रात्री हाताशी तेच लागतं. लोकल ऑथरच्या पुस्तकाचीही लाज नको. पेपरात उत्तर कसं मांडायचं हे तेच शिकवतं. फक्त ते परीक्षेच्या दोन आठवडे आधी उघडायचं, जुलैत नाही.

फिजिक्सचं एक पुस्तक टेबलावर असू द्या, कारण सर्किट थिअरी कुठल्या अटीवर उभी आहे हे इंजिनिअरिंगची पुस्तकं घाईघाईत सांगतात. ५० हर्ट्‌झला तरंगलांबी ६,००० किलोमीटर होते. तुमच्या घरातली वायरिंग त्यापुढे म्हणजे काहीच नाही, म्हणून वायरच्या दोन्ही टोकांना करंट एकच धरता येतो. ३ गिगाहर्ट्‌झला हीच लांबी १० सेंटिमीटरवर येते, आणि मग साध्या पीसीबीवरही तो हिशेब चालत नाही. फाइनमन यांच्या लेक्चर्सच्या दुसऱ्या खंडातलं २२ वं प्रकरण एसी सर्किट्‌सचंच आहे. तिथे इम्पीडन्स थेट मॅक्सवेलच्या समीकरणांमधून येतो. तिन्ही खंड कॅलटेकच्या साइटवर फुकट वाचता येतात. पण ते दुसऱ्या वाचनाला. पहिल्यांदा वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि गणित सोडवायला बसलं की हात चालत नाही. इलेक्ट्रोमॅग्नेटिक्ससाठी ग्रिफिथ्सच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण, व्हेक्टर अ‍ॅनालिसिसचं, सुट्टीतच उरका.

फिजिक्स आणि इलेक्ट्रिकलची पुस्तकं शेजारी ठेवली की खड्डेही येतात. आपण करंटला ‘आय’ (i) म्हणतो म्हणून काल्पनिक संख्येला ‘जे’ (j) म्हणतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ग्रिफिथ्ससारखी फिजिक्सची पुस्तकं तरंग लिहिताना काळाच्या घातांकात उणे चिन्ह घेतात, आणि आपण अधिक घेतो. म्हणजे त्यांचा ‘आय’ हा आपला उणे ‘जे’, आणि इंडक्टरच्या रिअ‍ॅक्टन्सचं चिन्ह चक्क फिरतं. हे माहीत नसेल तर तुम्ही दोन दिवस स्वतःची चूक शोधत बसाल. पर्सेलच्या ‘इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम’ची जुनी आवृत्ती हातात आली तर ती गाउसियन एककांत आहे, तिथल्या कूलंबच्या नियमात एप्सिलॉन नॉट दिसतच नाही. २०१३ ची तिसरी आवृत्ती एसआयमध्ये आहे, ती शोधा.

अमेरिकन पुस्तकांची गंमत निराळी. तिथे ६० हर्ट्‌झ, १२० व्होल्ट, तीन फेजना आपल्या आर-वाय-बीच्या जागी ए-बी-सी, आणि वायरची जाडी गेजमध्ये. मी एक तसलं गुळगुळीत कागदाचं पुस्तक आईकडून पैसे घेऊन आणलं होतं आणि मशीन्स त्याच्यावरच केलं. ओरलला एक्स्टर्नलनी चार पोलच्या मोटरचा सिंक्रोनस स्पीड विचारला आणि मी छातीठोकपणे १८०० सांगितला. ‘मग तुम्ही मोटर लावायला अमेरिकेत जाणार तर,’ म्हणाले. १२० गुणिले ५० भागिले ४, म्हणजे १५००, हे मी आजही झोपेत सांगेन.

वेळापत्रक तासांत मांडू नका, सोडवलेल्या उदाहरणांत मांडा. रोज संध्याकाळी चार उदाहरणं, उत्तर झाकून. सत्र कागदावर पंधरा-सोळा आठवड्यांचं असलं तरी गणपती, इन-सेम (सत्राच्या मधली परीक्षा) आणि सबमिशनचा आठवडा वजा केला की हातात बारा उरतात. लाप्लास एकदाच नीट करा. नेटवर्क्सचे ट्रान्झियंट्स, सिग्नल्स आणि पुढे कंट्रोल सिस्टिम्स, तिघांनाही तोच लागतो. नेटवर्क्स कच्चं ठेवून मशीन्सना हात घालू नका. एनपीटीईएल या आयआयटींच्या व्हिडिओ लेक्चर्सच्या साइटवर जवळपास प्रत्येक विषय फुकट आहे. एका विषयाला एकच प्राध्यापक धरा आणि व्हिडिओ थांबवून उदाहरण आधी स्वतः सोडवा.

सामानात ब्रेडबोर्ड, बरा मल्टिमीटर, आणि लॅपटॉप असेल तर सर्किटसाठी एलटीस्पाइस आणि आकडेमोडीसाठी सायलॅब ही सॉफ्टवेअर्स, दोन्ही फुकट. आणि सिरीज लॅम्प, म्हणजे पिवळ्या प्रकाशाचा जुना फिलामेंटवाला बल्ब फेजच्या वायरीत सिरीजमध्ये घेतलेला बोर्ड. जाणत्या माणसाकडून तो बनवून घ्या. जुनी इस्त्री किंवा पंखा आधी त्याच्यावर लावायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि फ्यूज वाचतो. मात्र बल्ब मध्ये आहे म्हणून उघड्या वायरीला हात लावायचा नाही, शॉक तेवढाच बसतो.

हे सगळं झाल्यावर पुस्तकं घ्यायला निघा, आणि जुनीच घ्या. एक आवृत्ती मागची असली तरी बहुधा उदाहरणांचे क्रमांक तेवढे बदललेले असतात. दुकानात उभ्या उभ्या आधी शेवटची पानं उलटून बघा. उत्तरांची पानं कुणीतरी फाडून नेलेली असतात.