मिसळीवर ताव मारला, आता डाएटचं काय?

लो-कार्ब डाएट (भात, ब्रेड, साखरेतली कर्बोदकं म्हणजे कार्ब कमी) चालू असताना रविवारी मिसळ झाली, दोनदा कट, वर चार स्लाइस ब्रेड. सोमवारी काटा दीड-दोन किलो वर. यातलं बरंचसं पाणी असतं. शरीर कार्ब ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरतं. कटातलं मीठ त्यात भर घालतं. किलोभर चरबीला सुमारे ७,७०० जादा कॅलरी लागतात, एवढं एका बैठकीत पैलवानालाही जड जाईल.

म्हणून सोमवारी कडकडीत उपास करू नका. इथंच गाडी घसरते: दिवसभर पोट रिकामं, संध्याकाळी भेळेच्या गाडीसमोर हात थांबत नाही. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर जेवण चुकवणं धोक्याचंच.

सकाळी दोन उकडलेली अंडी किंवा पनीर. दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी, वाटीभर मेथी, काकडी, ताक. जेवणानंतर १५ मिनिटं चाला, रंकाळ्यावर किंवा गच्चीवर. उरलेला ब्रेड, फरसाण त्याच दिवशी घरातून काढा.

मटणाच्या ताटात तांबडा-पांढरा रस्सा सोडायची गरज नाही. कार्ब वाढतात ते भात आणि चपात्यांनी. पांढऱ्यात नारळाचं दूध असतं, म्हणून एक वाटी बास.

वजन पुन्हा शुक्रवारी, सकाळी उपाशीपोटी. दर रविवारी असंच होत असेल, तर डाएटच फार आवळलाय. रोज अर्धी भाकरी वाढवा.