वरच्या बाथरूमचं लीकेज, खर्च कोणाचा? माझा अनुभव

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमधे बाथरूमच्या छताला ओल आली, मग पोपडे, मग थेट टपटप. वरचे काका म्हणाले सोसायटीची लाईन आहे, सेक्रेटरी म्हणाले तुमचं आपसात बघा, आणि मी बादली लावून बसलेलो.

भांडण्याआधी पाणी कुठनं येतंय ते पक्कं करा हे प्लंबरचं म्हणणं मला पटलं. त्याने वरच्या बाथरूमचा मेन वॉल्व्ह रात्रभर बंद ठेवायला लावला, थेंब काही थांबला नाही. म्हणजे प्रेशरची लाईन (नळांना पाणी आणणारी) नाही, राहिली नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाणी जायचं जाळीखालचं भांडं) किंवा फरशीचे सांधे, म्हणून ट्रॅपला कापडाचा बोळा घालून फरशीवर निळीचं पाणी साठवलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या छतावर निळा डाग, ट्रॅपच्या बरोब्बर खाली! काकांना खाली बोलावून दाखवला, पुढे वादच नाही.

खर्च कोणाचा हे २०१४ च्या आदर्श उपविधींत (महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) स्पष्ट आहे, आमच्या सोसायटीने तेच स्वीकारलेत. गच्ची, पावसाची गळती, बाहेरच्या कॉमन पाईप आणि ड्रेनेज लाईनचं लीकेज सोसायटीच्या खर्चाने, आणि टॉयलेट, सिंक वगैरेचं आतलं लीकेज संबंधित फ्लॅटवाल्याचं. सेक्रेटरींना फोटोसकट लेखी अर्ज दिला, पोच घेतली (तोंडी सांगितलेलं कमिटीत कोणालाच आठवत नाही). काकांनी ट्रॅप बदलून वॉटरप्रूफिंग केलं, आमचं प्लास्टरही त्यांनीच, रंग मी. रंगाची घाई मात्र करू नका, स्लॅब पूर्ण सुकू द्या नाहीतर परत पोपडे.