परिमिती-क्षेत्रफळ शिकवायचंय? आदल्या रात्री काय काय काढून ठेवायचं

दर रविवारी सकाळी सोसायटीतली चौथी ते सहावीची पोरं टेरेसवर माझ्याकडे गणिताला येतात. ह्या वेळी परिमिती आणि क्षेत्रफळ आहे, आणि गेल्या वर्षी ह्याच विषयात माझा पार बोऱ्या वाजला होता म्हणून यंदा शनिवारी रात्रीच सगळं काढून ठेवलंय. दोघीतिघींनी यादी मागितली म्हणून टाकतेय, पण मला एक-दोन-तीन नंबर घालून लिहायला जमत नाही, मधेच काहीतरी आठवतं, तेव्हा सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी काय झालं, तर मी पहिल्या दहा मिनिटांतच दोन्ही फॉर्म्युले लिहून दिले. पोरांनी पटापट पाठ केले आणि मग ६ बाय ४ च्या आयताची परिमिती कोणी २० सांगतंय कोणी २४, आणि एकाने तर सरळ विचारलं, ताई ह्यात गुणायचंय का मिळवायचंय ते फक्त सांगा ना. म्हणजे त्याच्या दृष्टीने दोन आकडे आहेत आणि त्यांचं काहीतरी करायचंय, बास. कड वेगळी आणि आतली जागा वेगळी हे कुठे डोक्यात शिरलंच नव्हतं. म्हणून यंदा ठरवलंय, कडेसाठी एक सामान, आतल्या जागेसाठी दुसरं, आणि फॉर्म्युला सगळ्यात शेवटी, तोही पोरांनीच शोधला तर.

कडेसाठी काडेपेटीच्या काड्या. गुल आधीच खुडून टाका, पोरांच्या हातात पेटणाऱ्या काड्या द्यायच्या नाहीत. मग उरलेली काडी मोजा आणि बरोबर तेवढ्याच बाजूचे चौकोन पुठ्ठ्याचे कापा. मी जुन्या लग्नपत्रिका कापल्या, कागद जाड असतो आणि घरात पडूनच असतात. हे माप जुळणं फार महत्त्वाचं आहे, एक चौकोन ठेवला की त्याच्या भोवती चार काड्या चपखल बसल्या पाहिजेत. दोन-दोन पोरांच्या जोडीला १२ चौकोन आणि २६ काड्या लागतात. २६ च का, तर १२ चौकोन एका ओळीत लावले की भोवती २६ काड्या लागतात, २ बाय ६ लावले तर १६ आणि ३ बाय ४ लावले तर फक्त १४. चौकोन तेवढेच, कुंपण मात्र जवळजवळ निम्म्यावर आलं. हे त्यांना स्वतःला मांडू द्यायचं, आपण बोलायचं नाही (मला हे फार जड जातं).

आता ह्याच्या उलट, म्हणजे कड तेवढीच ठेवून आतली जागा बदलायची, त्याला दोरी लागते. मोठी १२ मीटरची घ्या, टेरेसवर किंवा पार्किंगमधे. दोन गोष्टी लक्षात ठेवा, एक म्हणजे ताणली जाणारी घेऊ नका, लोकर, इलास्टिक वगैरे अजिबात नको, आणि दुसरं, गाठ दोरी खाते. मागे मी बरोब्बर १२ मीटर कापली आणि गाठ मारल्यावर सगळी मापं बोंबलली, तेव्हा कापताना वीतभर जास्तच कापा. दर मीटरला रंगीत चिकटपट्टी गुंडाळून खूण करा. मग चार पोरं कोपरे धरतात आणि बाकीची आत उभी राहतात. आधी ५ बाय १ ची बोळ करायला लावायची, मग ४ बाय २, मग ३ बाय ३. आतली जागा ५, ८ आणि ९ चौरस मीटर. रात्री घरच्यांना धरून एकदा करून बघितलं, तर बोळीतून धाकटी ओरडली, आई हा मला ढकलतोय, आणि ३ बाय ३ झाल्यावर तीच मधे बसकण मारून म्हणाली, आता इथे पत्ते खेळू. दोरी तीच होती. वर्गात अजून काही सांगायची गरज पडेल असं वाटत नाही.

चौकटीची वही सगळ्यांना आणायला सांगा, पहिलीत आकडे गिरवायला वापरतात ती. आणि हो, पहिल्या दिवशी ४ बाय ४ चा चौरस आणि ३ बाय ६ चा आयत चुकूनही उदाहरणाला घेऊ नका! ४ बाय ४ ला परिमितीही १६ आणि क्षेत्रफळही १६, ३ बाय ६ ला दोन्ही १८. पोरं लगेच म्हणणार बघा दोन्ही सारखंच असतं, आणि मग पुढचा अर्धा तास ते निस्तरण्यात जातो. नंतर कधीतरी कोडं म्हणून द्यायला मात्र मस्त आहे. तसंच गोल आकार आज नको, परीघ आणि परिमितीचा घोळ आत्ताच कशाला.

ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद काढून ठेवलाय पण तो जरा जपून. ५ ठिपके बाय ५ ठिपके काढले की पोरं ठिपके मोजून २५ म्हणतात, मधे चौकटी मात्र १६ च असतात. ओळीत ५ ठिपके म्हणजे मधली अंतरं ४, हे आधी बोटांवर दाखवा, पाच बोटं आणि मधल्या चार फटी.

पट्टीचं म्हणाल तर प्रत्येकाची बघून घ्या, काही पट्ट्यांना शून्य कडेपासून जरा आत असतं आणि निम्मी पोरं १ पासून मोजतात. शिंप्याची टेपही असू द्या.

कात्री आणि कोरे कागद हवेतच, कारण मला सगळ्यात आवडणारा खेळ त्यातच आहे. १० बाय ८ सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा, परिमिती ३६, क्षेत्रफळ ८०. कोपऱ्यातून ३ बाय २ चा चौकोन कापून काढला तर परिमितीचं काय होईल विचारायचं. सगळे कमी होईल म्हणतात. मोजलं तर ३६ च! क्षेत्रफळ ७४ झालं, कड तेवढीच, कारण जेवढी कड गेली तेवढीच आतल्या बाजूने परत आली. मग दुसऱ्या तुकड्यात तोच चौकोन कडेच्या मधोमध कापायचा, ३ रुंद आणि २ आत, तर परिमिती चक्क ४० होते. कागद कमी झाला आणि कड वाढली, इथे आमच्याकडे तरी हमखास भांडण होतं, होऊ द्या.

जुने पेपर आणि सेलोटेप घेऊन १ मीटर बाय १ मीटरचा चौरस चिकटवून ठेवा. ह्यात किती चौरस सेंटिमीटर, असं विचारलं की १०० हेच उत्तर येतं. एका कडेला १०० बसतात आणि अशा १०० ओळी, म्हणजे १०,०००, हे पेपरवर एक ओळ प्रत्यक्ष आखून दाखवायची, सगळ्या ओळी आखत बसायला सकाळ पुरणार नाही.

तोंडी प्रश्न चिठ्ठीवर लिहून ठेवलेत. गॅलरीच्या कठड्याला दिव्यांची माळ सोडायची तर काय मोजाल? फरशी पुसायची तर? गोधडीला भोवती पट्टी लावायची तर? फोटोची फ्रेम कशाची आणि काच कशाची? कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, बाहेरची चौकट फक्कीने आखायची तर ४६ मीटर आणि मॅट अंथरायची तर १३० चौरस मीटर. सहावीवाल्यांसाठी गुंठा ठेवलाय, ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. ज्यांचं गावाकडे शेत आहे त्यांना सांगितलंय की आजोबांना फोन करून विचारा, तारेचं कुंपण किती लागलं आणि जमीन किती. दोन उत्तरं वेगवेगळ्या मापात येणार, एक फुटात नाहीतर मीटरमधे, दुसरं गुंठ्यात, आणि सेमीच्या जागी चौरस सेमी का लिहायचं हे तिथून सांगायला सोपं पडतं.

वेळ उरला तर पान. फणसाचं चालेल, जास्वंदीचं किंवा कडुनिंबाचं नको, दातेरी कडेपायी जीव जातो. चौकटीवर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, निम्म्याहून जास्त भरलेली चौकट पूर्ण धरायची, कमी असेल तर सोडायची. पानं सकाळीच तोडा, रात्री तोडलेली गुंडाळली जातात.

पाणी, टोप्या, रंगीत खडू, आणि दोरीला धरायला चार जरा शहाणी पोरं आधीच हेरून ठेवा. नऊच्या आत उरकायचं, त्यानंतर गच्ची तापते. आणि खडूच्या रेघा जाताना धुवायला बादली लागेल, ती वर न्यायची आत्ता आठवलं.