मायक्रोसेकंदाचा डिले हवाय? मग या चुका टाळा

पोट्टे प्रोजेक्ट घेऊन आले की तक्रार ठरलेली, "भाऊ, डिले तर बरोबर दिला, तरी चालून नाही राहिलं." आणि कोड उघडला की डिजिटलराइट (पिन चालू-बंद करायची अर्डुइनोची तयार आज्ञा), मग एक मायक्रोसेकंदाचा (सेकंदाचा दहा लाखावा भाग) डिले म्हणजे थांबा, मग परत डिजिटलराइट. अरे, १६ मेगाहर्ट्झच्या अर्डुइनो ऊनो बोर्डावर डिजिटलराइटलाच तीन-चार मायक्रोसेकंद लागतात, आधी पिन नंबरवरून पोर्ट शोधणार, पिनवर पीडब्ल्यूएम (आपोआप होणारं वेगवान चालू-बंद) चालू आहे का बघणार, मग कुठे पिन हलणार.

गणपतीत आमच्याकडच्या एका मंडळाच्या पोरांनी डब्ल्यूएस२८१२बी ची एलईडी पट्टी लावली, जिच्यात प्रत्येक दिव्याचा रंग कोडने ठरतो, कोड स्वतःचा. हौस चांगलीच आहे, पण डेटाशीट (पट्टीचं तांत्रिक माहितीपत्रक) वाचायला कोणालाच वेळ नव्हता. लाल पाठवा नाहीतर निळा, पट्टी पांढरीच! बर्डीच्या बाजारातून नवी पट्टी आणली, सप्लाय बदलला, तरी तेच. स्कोप (पल्स पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तेव्हा दिसलं. या पट्टीत ० बिटचा पल्स ०.४ आणि १ बिटचा ०.८ मायक्रोसेकंद हाय (चालू) राहतो, यांचा प्रत्येक पल्स चार मायक्रोसेकंदांच्या वर, मग पट्टीला सगळे बिट १ च दिसणार ना, आणि सगळे १ म्हणजे पांढरा. पोर्टचा बिट थेट सेट-क्लिअर करायला लावला, मधात चार नॉप (काहीच न करता एक सायकल घालवणारी आज्ञा), म्हणजे सेट-क्लिअर धरून क्लॉकच्या ६ सायकल, ३७५ नॅनोसेकंद. रंग आले, पण मधूनच एखादा दिवा भलताच पेटायचा. तो टायमर झिरोचा (चिपमधल्या एका टायमरचा) इंटरप्ट, म्हणजे चालू काम मधेच थांबवणारा सिग्नल, दर १.०२४ मिलिसेकंदाला येतो, नेमका पल्स हाय असताना घुसला की ० चा १ करतो. डेटा जाईपर्यंत इंटरप्ट बंद ठेवा, विषय मिटला. ६० दिव्यांना १.८ मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात मिलिस (अर्डुइनोचा मिलिसेकंद मोजणारा काउंटर) थोडं मागे पडू शकतं, त्यामुळे त्याच बोर्डावर घड्याळ चालवू नका.

रिकामा फॉर लूप फिरवून डिले करू नका, कंपायलर तो सरळ उडवतो. मायक्रोस (मायक्रोसेकंद मोजणारं फंक्शन) ऊनोवर ४-४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने पुढे जातं, त्याने २ मायक्रोसेकंद मोजता येत नाहीत. कोरी ३२८पी (ऊनोवरची मुख्य चिप) आणली तर ती १ मेगाहर्ट्झवर चालते, कोडमध्ये क्लॉक १६ मेगाहर्ट्झ लिहिला असेल तर प्रत्येक डिले १६ पट लांब. आणि नॉपची संख्या नेटवरून उचलायची घाई कशाला, क्लॉक बदलला की ती चुकलीच, दोन मिनिटं बसून सायकली मोजा.

मी तर पल्स डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचं वायरिंगच करत नाही. स्कोप नसेल तर २४ मेगाहर्ट्झचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर (पिनचं चालू-बंद कॉम्प्युटरवर दाखवणारं उपकरण) घ्या, त्याची मोजायची पायरी साधारण ४२ नॅनोसेकंदांची असते, तेवढा फरक धरून वाचा.