मतपत्रिका खराब झाली तर काय करावे?

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत आपण यंत्राचे बटण दाबतो, त्यामुळे तेथे मतपत्रिका खराब होण्याचा प्रश्न येत नाही. विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर आणि मुंबई शिक्षक मतदारसंघांत मात्र आजही कागदावर पसंतीक्रम लिहावा लागतो. चूक सुधारण्याची सोय मतदान केंद्रावरच असताना शिकल्यासवरलेल्या मतदारांची मतेही बाद होतात, याचे वाईट वाटते.

मागील मतदान २६ जून २०२४ रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात झाले. छत्री मिटून आत आल्यावर हात कोरडे करूनच मतपत्रिका घ्यावी, कारण ओल्या कागदावर स्केच पेनाची शाई पसरते आणि १ आहे की ७, हे मोजणाऱ्याला कळत नाही. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेनानेच लिहावे, कारण खिशातल्या पेनाने लिहिलेले मत बाद ठरते. पहिली पसंती १ या अंकानेच आणि एकाच उमेदवारापुढे नोंदवावी. 'एक' असे अक्षरी लिहू नये, बरोबरची खूण किंवा सही तर मुळीच करू नये.

एवढे करूनही चूक झालीच, तर खाडाखोड करत बसू नये आणि मतपत्रिका पेटीत टाकू नये, कारण एकदा पेटीत पडलेला कागद बदलून मिळत नाही. कोणाला पसंती दिली हे इतरांना दिसणार नाही अशी घडी घालून ती थेट मतदान केंद्राध्यक्षांकडे न्यावी आणि चूक अनवधानाने झाल्याचे सांगावे. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४१ नुसार, त्यांची खात्री पटली की दुसरी मतपत्रिका मिळते. जुनी मतपत्रिका आणि तिची स्थळप्रत (मतपत्रिका फाडून दिल्यावर केंद्रावर उरणारा तिचा भाग) यांवर ती खराब झाल्याने रद्द केल्याचा शेरा मारला जातो. मागे रांग असली तरी संकोचू नये. ही मेहेरबानी नसून नियमानेच दिलेली सोय आहे.

मतपत्रिका घेतल्यानंतर मत द्यायचेच नसेल, तरीही ती केंद्राध्यक्षांकडेच परत करावी. अशी मतपत्रिका परत आल्याच्या शेऱ्यासह रद्द होते, आणि रद्द झालेल्या सर्व मतपत्रिका वेगळ्या पाकिटात ठेवल्या जातात. ती खिशात घालून केंद्राबाहेर नेणे हा मात्र गुन्हा आहे.