स्वमग्न मुलांसोबत काम सुरू करताना

विशेष शिक्षणाची पदविका घेऊन मी पहिल्यांदा वर्गात उभी राहिले, तेव्हा सहा वर्षांच्या एका मुलाने माझ्याकडे न पाहता विचारले, "तुला पाणी हवं का?" मी "नको" म्हणाले. त्याने तेच वाक्य त्याच सुरात आणखी दोनदा म्हटले आणि तो हमसाहमशी रडू लागला. त्याला न्यायला आलेल्या आजींनी ते ऐकताच बाटली उघडून त्याच्या हाती दिली. त्याला तहान लागली की घरचे हाच प्रश्न विचारत, म्हणून तहानेच्या वेळी म्हणायचे वाक्य हेच, असे त्याच्या मनात पक्के बसले होते. ऐकलेल्या शब्दांची पुनरुक्ती, म्हणजे इकोलेलिया, ही व्याख्या मी परीक्षेत बिनचूक लिहिली होती; पण त्या पुनरुक्तीत मागणी दडलेली असू शकते, हे मला आजींनी शिकवले.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या 11 मुलांचे वर्णन केले, तेव्हापासून या अवस्थेची समज पुष्कळ बदलली आहे. मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रुळला आहे खरा, पण त्यामुळे मूल स्वतःतच बुडालेले आहे आणि त्याला माणसे नकोच आहेत, असा समज नवशिक्यांच्या मनात घर करतो. मला भेटलेल्या बहुतेक मुलांना माणसे हवी होती. फक्त त्यांची जवळ येण्याची रीत आपल्या ओळखीची नव्हती.

या कामासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम (बारावीनंतरची पदविका किंवा पदवीनंतरचे विशेष बी.एड.) पूर्ण करून परिषदेकडे नोंदणी करावी लागते. प्रवेश घेण्याआधी एखाद्या विशेष शाळेत काही आठवडे नुसते बसून निरीक्षण करता आले, तर अवश्य करावे. अभ्यासक्रमात 'इसा' ही भारतीय मूल्यमापन श्रेणी शिकवतात: 40 बाबी, प्रत्येकीला 1 ते 5 गुण, आणि बेरीज 70 किंवा त्याहून अधिक आली तर स्वमग्नता. निदान तज्ज्ञांनीच करायचे असते. शिवाय त्या बेरजेवरून मुलाला कुकरची शिट्टी सोसते की नाही हे कळत नाही, आणि आपला सगळा दिवस मात्र त्यावरच अवलंबून असतो.

वयात येणाऱ्या मुलांविषयी पदविकेत फार थोडे शिकवले गेले, याची मला आजही खंत वाटते. नेहमीच्या शाळेत शिकणारी एक मुलगी मैत्रिणी हसल्या की हसायची, त्यांच्यासारखे हातवारे करायची, आणि घरी आल्यावर दोन-दोन तास अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. तिचे निदान नववीत झाले, कारण शाळेला तिच्यात काही वेगळे दिसलेच नव्हते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे प्रमाणपत्र वेळेत मिळाले तर दहावीला वाढीव वेळेसारख्या सवलती मागता येतात. मासिक पाळीची तयारीही चित्रांच्या साहाय्याने काही महिने आधी सुरू करावी, कारण अचानक झालेला बदल या मुलींना इतरांपेक्षा कितीतरी जड जातो.

पालकांच्या पहिल्या भेटीत मूल किती शब्द बोलते, हे मी आता सुरुवातीला विचारत नाही. कोणते वाक्य ते कोणत्या वेळी बोलते, आणि त्यानंतर घरातले काय करतात, हे त्यांच्याच बोलीत वहीत उतरवून घेते. आजी-आजोबा घरी असतील, तर त्यांनाही बोलावते.