जी६पीडीचा रिपोर्ट आला की आकड्याआधी तारीख बघा

जी६पीडी म्हणजे तांबड्या पेशींना सांभाळणारं एक एन्झाईम, काहींच्या अंगात ते जन्मतः कमी असतं. बाळाची कावीळ असो की मलेरियाचं औषध सुरू करायच्या आधीची टेस्ट, जी६पीडीचा रिपोर्ट हातात आला की सगळे थेट आकड्यावर जातात. आकडा नंतर. आधी ब्लड कधी घेतलं ते बघा, आणि त्याच्या आसपास पेशंटच्या तांबड्या पेशी फुटल्या होत्या का किंवा रक्त चढवलं होतं का ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कारण असंय की हे एन्झाईम ग्लुकोज-६-फॉस्फेटवर काम करताना एनएडीपीएच नावाचा रेणू बनवतं, त्याच्या जोरावर ग्लुटाथायोन हे पेशीतलं संरक्षक द्रव्य कामाचं राहतं आणि ते पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवतं. बाकीच्या पेशींना एनएडीपीएच मिळवायचे दुसरे मार्ग असतात पण तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रियाच नाही, सगळी भिस्त या एकट्यावर, आणि न्यूक्लियसही नाही म्हणजे नवीन एन्झाईम बनणार नाही, सुरुवातीला मिळालं त्यावरच साधारण १२० दिवस काढायचे. म्हणून कमतरता असलेल्याच्या पेशींना त्रास झाला की म्हाताऱ्या पेशी आधी फुटतात, उरतात त्या तरुण, एन्झाईम जास्त असलेल्या, आणि रिपोर्ट येतो चक्क नॉर्मल! अशा नॉर्मलवर विसंबू नका, दोन-तीन महिन्यांनी टेस्ट परत करा.

मग पेशंट बाई आहे की पुरुष ते बघा. जीन एक्स क्रोमोझोमवर आहे, पुरुषाकडे एकच कॉपी, त्यामुळे निकाल बहुतेक स्पष्ट येतो. बायकांमध्ये प्रत्येक पेशीत एक एक्स बंद असतो, म्हणजे रक्तात चांगल्या आणि कमकुवत पेशींची सरमिसळ, आणि साध्या हो-नाहीवाल्या टेस्टमध्ये अशा बायका सहज सुटतात. त्यांच्यासाठी आकडा देणारी टेस्टच मागा. टॅफेनोक्विन हे मलेरियाचं औषध द्यायचं तर एन्झाईमची ॲक्टिव्हिटी नॉर्मलच्या ७० टक्क्यांच्या वर लागते, हे तर त्या साध्या टेस्टमधून कळणारच नाही.

कमतरता निघालीच तर घाबरू नका, बहुतेकांना एरवी काहीच त्रास नसतो. फक्त प्रायमाक्विन, डॅप्सोन, रासब्युरिकेज, मिथिलीन ब्लू ही टाळायच्या औषधांची नावं लिहून जवळ ठेवा आणि प्रत्येक नवीन डॉक्टरला दाखवा, फावा बीन्स (बाकला) आणि नॅप्थलीनच्या म्हणजे डांबर गोळ्याही लांबच. लघवी गडद तपकिरी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आणि घरच्यांचं म्हणाल तर, मुलग्याला ही कमतरता वडिलांकडून येत नाही, आईकडून येते. म्हणून मुलग्यात सापडली की त्याच्या बहिणी, आई आणि मामा यांचीही टेस्ट करून घ्या.